नव्वद टक्के होकार आणि तरीही न सुटलेला प्रश्न

वाचकांचे प्रश्न

स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात २०१७ साली झालेल्या वादग्रस्त सार्वमतावर मागील अंकात लेख प्रसिद्ध झाल्यानंतर यवतमाळ, बुलडाणा, नागपूर, गोंदिया आणि अमरावती जिल्ह्यांतील गावांमधून बरीच पत्रे आली. हे सारे वाचताना विदर्भाचा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही, असे त्यांतील बहुतेकांनी लिहिले आहे.

ज्यांच्या वाचनात तो लेख आला नाही त्यांच्यासाठी घटनाक्रम थोडक्यात देतो. बार्सिलोना ही राजधानी असलेल्या या प्रांताच्या सरकारने १ ऑक्टोबर २०१७ रोजी, कॅटलोनिया हे प्रजासत्ताक स्वरूपाचे स्वतंत्र राष्ट्र व्हावे काय, या प्रश्नावर मतदान घेतले. स्पेनच्या घटना न्यायालयाने त्याला आधीच स्थगिती दिली होती आणि मतदान रोखण्यासाठी माद्रिदच्या सरकारने पोलिस पाठवले होते. सुमारे ४३ टक्के मतदान झाले आणि त्यात ९० टक्के कौल स्वातंत्र्याच्या बाजूने पडला. २७ ऑक्टोबरला प्रांतिक संसदेने स्वातंत्र्याचा ठराव केला. त्याच दिवशी स्पेनच्या सिनेटने राज्यघटनेच्या १५५ व्या कलमाखाली, आपल्याकडील राष्ट्रपती राजवटीशी मिळतीजुळती अशी, केंद्राची कारवाई मंजूर केली आणि प्रांतिक सरकार बरखास्त झाले.

आमच्या गावच्या अभ्यासिकेत आम्ही काही मुले राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. आपल्या लेखावरून आमच्यात दोन तट पडले. एक गट म्हणतो की, नव्वद टक्के लोकांनी हो म्हटल्यावर कोणत्याही न्यायालयाला नाही म्हणण्याचा अधिकार उरत नाही. दुसरा म्हणतो की, मतदानच बेकायदा असल्याने त्या आकड्याला काडीची किंमत नाही. खरे काय समजावे? (एक विद्यार्थी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

आधी आकडा नीट मांडून पाहू. कॅटलोनियात त्या वेळी सुमारे ५३ लाख मतदार होते. प्रांतिक सरकारने जाहीर केलेल्या निकालानुसार सुमारे २० लाख ४४ हजार मते होकाराची आणि सुमारे १ लाख ७७ हजार नकाराची होती. म्हणजे झालेल्या मतदानात होकार ९० टक्के असला, तरी एकूण मतदारांच्या मानाने तो ३८ टक्क्यांच्या आसपास येतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रश्न आहे तो घरी बसलेल्या तीस लाखांचे काय करायचे याचा.

हे तीस लाख लोक एकाच प्रकारचे नव्हते. काहींना पोलिसांनी केंद्रापर्यंत पोहोचू दिले नाही, काहींना राजकारणातच रस नव्हता, आणि फार मोठ्या संख्येने लोकांनी ठरवून बहिष्कार घातला, कारण स्वातंत्र्याला विरोध असणाऱ्या पक्षांनी हे मतदानच मान्य केले नव्हते. विरोधक मैदानातच उतरले नाहीत अशा ठिकाणी नव्वद टक्क्यांचा आकडा समर्थकांची जिद्द सांगतो, समाजाचा कल सांगत नाही. याचा पडताळा पाहायला फार दिवस लागले नाहीत. त्याच वर्षी २१ डिसेंबरला माद्रिदने प्रांतिक संसदेची निवडणूक घेतली, तिच्यात सर्व पक्ष उतरले, मतदान ७९ टक्क्यांच्या घरात गेले आणि स्वातंत्र्यवादी पक्षांना मिळून साधारण साडेसत्तेचाळीस टक्के मते पडली. १३५ पैकी ७० जागा जिंकून त्यांनी बहुमत राखले खरे, पण सर्वाधिक जागा मिळवणारा एकटा पक्ष स्वातंत्र्याच्या विरोधातला होता. समाज जवळजवळ निम्मानिम्मा विभागलेला आहे, हे चित्र त्या निवडणुकीने दाखवले.

मतदानाच्या पद्धतीविषयीही सांगायला हवे, कारण परीक्षेच्या दृष्टीनेही ते उपयोगाचे आहे. मतदार कोणत्याही केंद्रावर मत देऊ शकेल, घरी छापून आणलेली मतपत्रिकाही चालेल आणि पाकिटाची सक्ती नाही, हे नियम त्याच दिवशी सकाळी जाहीर झाले. देखरेखीसाठी नेमलेल्या निवडणूक मंडळाच्या सदस्यांना घटना न्यायालयाने दररोज हजारो युरोंच्या दंडाची ताकीद दिल्यामुळे ते मंडळ आधीच गुंडाळले गेले होते. खेळ सुरू होताना नियम बदलले आणि पंच नव्हता, ही तक्रार विरोधकांनी केली, ती रास्तच होती.

त्याहून गंभीर गोष्ट ६ सप्टेंबर २०१७ रोजी प्रांतिक संसदेत घडली. सार्वमताचा कायदा नेहमीची छाननी टाळून एका दिवसात पुढे रेटण्यात आला. विरोधी पक्ष सभागृहाबाहेर पडले, आणि जाताना, माद्रिदमध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या पॉप्युलर पार्टीचे सदस्य आपल्या रिकाम्या बाकांवर स्पेन आणि कॅटलोनिया या दोहोंचे ध्वज ठेवून गेले. कायदा ७२ मतांनी मंजूर झाला. प्रांताच्या स्वायत्ततेच्या सनदेत एखादी दुरुस्ती करायची असली तरी तिथे १३५ पैकी ९० मते लागतात. सनदेतल्या एका ओळीसाठी नव्वद आणि देशाचे दोन तुकडे करण्यासाठी बहात्तर, हे गणित कोणत्याही विचारी माणसाला पटणार नाही.

म्हणून आपला दुसरा गट जिंकला असे मात्र कृपया समजू नका. सकाळच्या पावसात छत्र्या घेऊन रांगेत उभे राहिलेले वीस-बावीस लाख लोक बेकायदा ठरवल्याने नाहीसे होत नाहीत. त्या मतदानातून नवे राष्ट्र जन्माला येऊ शकत नाही, एवढेच कायदा सांगू शकतो. त्या लोकांच्या मनात काय आहे आणि त्याचे काय करायचे, हे राजकारण्यांनी शोधायचे असते, आणि माद्रिदने अनेक वर्षे ते केले नाही.

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. आमच्या शाळेत मतदान केंद्र असे आणि मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणूनही काम केले आहे. शाळेच्या दारात पोलिसांनी मतदारांवर लाठ्या चालवल्याचे वाचून मन अस्वस्थ झाले. मतदान बेकायदा असले तरी सरकारचे चुकले नाही काय? (मेहकर तालुका, जि. बुलडाणा)

गुरुजी, चुकले. आम्हाला त्याबद्दल शंका नाही. केंद्रे बंद होऊ नयेत म्हणून पालकांनी मुलांसह शाळांमध्येच मुक्काम ठोकला होता. मतपेट्या आधीपासून घराघरांत दडवून ठेवल्या होत्या आणि त्या पहाटे केंद्रांवर आणल्या गेल्या. जिरोनाजवळ सांत जुलिया दे रामिस नावाचे छोटे गाव आहे. तेथील क्रीडागृहात प्रांताचे अध्यक्ष कार्लस पुजदेमॉन मतदान करणार होते. सिव्हिल गार्ड या केंद्रीय पोलिस दलाच्या जवानांनी दाराची काच फोडून आत प्रवेश केला, पण पुजदेमॉन तोवर शेजारच्या गावात जाऊन मत देऊन मोकळे झाले होते. प्रांताच्या स्वतःच्या पोलिस दलाने बहुतेक ठिकाणी बळ वापरले नाही, त्यामुळे एकाच देशाची दोन पोलिस दले एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. हजाराहून अधिक जणांवर उपचार केल्याचे प्रांतिक आरोग्य विभागाने सांगितले. माद्रिदने तो आकडा फुगवलेला असल्याचे म्हटले आणि जखमांपैकी बहुतांश किरकोळ होत्या हेही खरे आहे. परंतु मतपेटीला बिलगलेल्या म्हाताऱ्या माणसांना फरफटत बाहेर काढतानाची चित्रे जगभर गेली, आणि त्या दिवसापर्यंत कुंपणावर बसलेले पुष्कळ लोक संतापाने स्वातंत्र्यवाद्यांकडे झुकले. जे मतदान आपण मानतच नाही ते होऊ दिले असते आणि दुसऱ्या दिवशी त्याची कायदेशीर किंमत शून्य असल्याचे सांगितले असते, तर स्पेनचे अधिक हित झाले असते.

मात्र आमच्या मते खरी चूक त्या दिवसाच्या कितीतरी आधीची आहे. कॅटलोनियाच्या स्वायत्ततेची नवी सनद प्रांतिक संसदेने मंजूर केली, माद्रिदच्या संसदेने काटछाट करून मंजूर केली आणि जून २००६ मध्ये प्रांतातील मतदारांनीही कायदेशीर सार्वमताने मंजूर केली. इतके सगळे सोपस्कार पार पडल्यावर पॉप्युलर पार्टी न्यायालयात गेली, आणि चार वर्षांनी, २८ जून २०१० रोजी, घटना न्यायालयाने सनदेतील चौदा कलमे पूर्णतः किंवा अंशतः रद्द केली. प्रस्तावनेत कॅटलोनियाचा ‘राष्ट्र’ असा जो उल्लेख होता त्याला कायद्याचे बळ नाही, असेही त्यात म्हटले. त्याच काळात स्पेन आर्थिक मंदीत सापडला होता आणि बेकारी वाढत होती. देशाच्या लोकसंख्येत आमचा वाटा सोळा टक्क्यांचा, उत्पन्नात एकोणीस टक्क्यांचा, आणि आम्ही भरलेल्या करांतून परत येते ते थोडेच, ही तक्रार घरोघर ऐकू येऊ लागली. तोवर स्वायत्ततेवर समाधानी असलेली माणसे तेव्हापासून स्वातंत्र्याची भाषा बोलू लागली. नियमाने मागितले तर मिळत नाही असे एकदा लोकांच्या मनात बसले की पुढच्या वेळी नियम पाळा असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. २०११ च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या पंतप्रधान मारियानो राहॉय यांच्या सरकारने पुढचा सगळा काळ प्रश्न न्यायालयाच्या गळ्यात घालून काढला.

पुढे १४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नऊ नेत्यांना राजद्रोहाच्या गुन्ह्याखाली नऊ ते तेरा वर्षांच्या शिक्षा दिल्या. सर्वाधिक तेरा वर्षे प्रांताचे माजी उपाध्यक्ष ओरिओल जुंकेरास यांच्या वाट्याला आली. त्यावर बार्सिलोनात अनेक रात्री जाळपोळ झाली. जून २०२१ मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या सरकारने त्या नऊ जणांना माफी दिली. माफीवरही देशात कडाक्याचा वाद झाला, पण रस्त्यावरचा ताण त्यानंतरच ओसरू लागला, हे नोंदवून ठेवावे.

माझी संत्र्याची बाग आहे. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्खे भाऊ वेगवेगळ्या पॅनेलमध्ये उभे राहतात, सहा महिने एकमेकांच्या ओट्यावर जात नाहीत आणि मग एखाद्या लग्नात एका पंक्तीला बसतात. देश तोडायचा की ठेवायचा अशा प्रश्नावर घरे फुटली तर ती अशी सांधतात काय? (एक शेतकरी, काटोल तालुका, जि. नागपूर)

आपला प्रश्न आम्हाला या सर्व पत्रांत अधिक महत्त्वाचा वाटला. ग्रामपंचायतीचा निकाल पाच वर्षांसाठी असतो. हरलेल्या पॅनेलला पुढची संधी दिसत असते, म्हणून राग धरूनही माणसे एकत्र राहू शकतात. स्वतंत्र राष्ट्राच्या प्रश्नात हरणाऱ्याला असे वाटते की आता आपल्याच गावात आपण परके झालो, आणि परत फिरण्याची वाट कोणी दाखवत नाही. म्हणून तिथली भांडणे वेगळ्या जातीची असतात.

कॅटलोनियाचा नकाशा पाहिला तर ही फूट कशी पडली ते दिसते. जिरोना आणि लेइदा या भागांतील आतल्या गावांमध्ये, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कॅटलान भाषा बोलणारी शेतकरी आणि छोट्या उद्योगांची वस्ती आहे, तिथे स्वातंत्र्यवाद्यांचे पारडे जड आहे. बार्सिलोनाभोवतीच्या कामगारवस्त्यांमध्ये आणि तारागोनाच्या किनारपट्टीवर उलट चित्र आहे. १९५० ते १९७० च्या दशकांत आंदालुसिया, एक्स्त्रेमादुरा अशा गरीब प्रांतांतून लाखो माणसे कारखान्यांत कामाला आली, ती या वस्त्यांत राहिली. त्यांच्या मुलानातवंडांसाठी स्पेन म्हणजे आजीचे गाव आहे, तिथे सुटीत जायचे असते. त्या गावाला जाताना पासपोर्ट लागेल, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही.

भाषेवरून माणसाचे मत ओळखता येते, असा समज मात्र करून घेऊ नये. स्पेनच्या संसदेत स्वातंत्र्यवाद्यांची बाजू तावातावाने मांडणारे गाब्रिएल रुफियान हे आंदालुसियातून आलेल्या कुटुंबातले आणि स्पॅनिश बोलत वाढलेले आहेत. कॅटलान मातृभाषा असूनही स्वातंत्र्याला विरोध करणारे लोकही हजारोंनी आहेत. घरे फुटली ती नेमकी यामुळे. फूट दोन जमातींमधली असती तर ती गावाच्या वेशीवर थांबली असती, इथे ती जेवणाच्या टेबलापर्यंत आली.

रोजच्या जगण्यात ती कशी दिसत असे याचे एक चित्र देतो. २०१७ च्या त्या शरद ऋतूत रात्री दहाच्या सुमारास लोक आपापल्या गॅलरीत येऊन पातेली आणि झाकणे बडवत, हा माद्रिदच्या सरकारच्या आणि स्पेनच्या राजाच्या भूमिकेचा निषेध होता. ज्याच्या गॅलरीतून आवाज येत नसे तो कोणत्या बाजूचा, हे सगळ्या इमारतीला आपोआप कळे. काही गॅलऱ्यांवर चांदणी असलेला स्वातंत्र्यवाद्यांचा ध्वज, काहींवर स्पेनचा, आणि पुष्कळ गॅलऱ्या मुद्दाम रिकाम्या असत. नेते तुरुंगात गेल्यावर त्यांच्या समर्थनार्थ पुलांवर, झाडांवर, सरकारी इमारतींवर पिवळ्या फिती बांधल्या गेल्या. रात्री दुसऱ्या बाजूचे लोक त्या कापून टाकत आणि सकाळी पुन्हा बांधल्या जात. बहुतेक कुटुंबांनी मग हा विषयच जेवताना काढायचा नाही असे ठरवून टाकले. नाती टिकली, पण मनातले बोलण्याची सोय गेली, आणि आमच्या दृष्टीने हेही नुकसानच आहे.

सांधले काय, या प्रश्नाचे उत्तर असे की पुष्कळसे सांधले, पण कोणा नेत्याच्या शहाणपणाने नव्हे. लोक थकले. स्वातंत्र्यवादी पक्ष आपसांत भांडले. साथीच्या रोगाने आणि महागाईने इतर चिंता पुढे आणल्या. मे २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांचे प्रांतिक संसदेतील बहुमत गेले आणि ऑगस्टमध्ये समाजवादी पक्षाचे साल्वादोर इया अध्यक्ष झाले. त्याच मे महिन्यात स्पेनच्या संसदेने २०१७ च्या प्रकरणांतील आरोपींसाठी माफीचा कायदा मंजूर केला.

स्कॉटलंडमध्येही असेच मतदान झाले होते, तिथे लाठ्या चालल्या नाहीत. असे का? (गोरेगाव तालुका, जि. गोंदिया)

कारण तिथे मतदान कसे घ्यायचे याचा करार आधी झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये लंडन आणि एडिंबरा येथील सरकारांनी लेखी करार करून निकाल मान्य करण्याचे दोघांनीही कबूल केले. प्रश्नाची शब्दरचना निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने ठरली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी जवळजवळ ८५ टक्के मतदान झाले, ५५ टक्के लोकांनी नकार दिला आणि स्वातंत्र्यवादी पक्षाचे नेते ॲलेक्स सॅमंड यांनी पराभव मान्य करून पद सोडण्याची घोषणा केली. कॅनडातील क्युबेक प्रांतात १९९५ साली नकाराचे पारडे एका टक्क्याहून थोड्याच अधिक, म्हणजे सुमारे ५४ हजार मतांनी जड ठरले, तरीही निकाल टिकला. त्यानंतर १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जो अभिप्राय दिला तो आम्हाला अतिशय समतोल वाटतो. प्रांताला एकतर्फी वेगळे होता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाला तर उरलेल्या देशालाही पाठ फिरवता येणार नाही, वाटाघाटीला बसावेच लागेल, असे त्यात म्हटले आहे. स्पेनला अशी वाट काढता आली असती.

अकरा जिल्ह्यांत असे मतदान घेऊन विदर्भाचा प्रश्न एकदाचा का निकाली काढत नाहीत? १९५६ साली आमच्या आजोबांना कोणी विचारले नाही आणि आजही आम्हाला कोणी विचारत नाही. (अचलपूर तालुका, जि. अमरावती)

एक फरक सुरुवातीलाच स्पष्ट केला पाहिजे. कॅटलोनियाची मागणी वेगळ्या देशाची होती. विदर्भाची मागणी भारताच्या चौकटीत वेगळ्या राज्याची आहे आणि तशी मागणी करण्यात घटनाबाह्य काहीही नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेला आहे, तोही साध्या बहुमताने. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरीही २ जून २०१४ रोजी तेलंगण अस्तित्वात आले. या प्रक्रियेत सार्वमताची तरतूद कुठेही नाही.

आजोबांना विचारले नाही, ही आपली खंत खरी आहे आणि तिच्यामागे इतिहास आहे. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला खर्चात आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि नागपुरात दरवर्षी अधिवेशन अशी आश्वासने दिली. १९५५ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने तर वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती बाजूला ठेवून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. अधिवेशन नागपुरात होते, पण सिंचनाचा आणि इतर विकासाचा अनुशेष मोजण्यासाठी १९८० च्या दशकात दांडेकर समिती नेमावी लागली, आणि ‘अनुशेष’ हा शब्द आज आपल्याकडे शाळकरी मुलांनाही कळतो. कोळसा आणि वीज इथून जाते, कापूस इथला, जंगल इथले, आणि ओलितासाठी शेतकरी तिष्ठत बसलेला. कॅटलोनियाची तक्रार सधन प्रांताची होती, आपली वंचित प्रदेशाची आहे, म्हणून दोन्हींना एका मापाने मोजू नये.

मतदानाचे म्हणाल तर जनमंच या संघटनेने काही वर्षांपूर्वी नागपूर, अमरावती अशा ठिकाणी वेगळ्या विदर्भावर स्वतःहून मतदान घेतले होते आणि त्यात होकाराचे प्रमाण प्रचंड होते. त्या कार्यकर्त्यांच्या तळमळीविषयी आम्हाला आदर आहे. पण आयोजक मागणीचे पुरस्कर्ते, सरकारी मतदारयाद्यांचे बंधन नाही आणि विरोधकांना तिथे येण्याचे कारणच नाही, अशा मतदानातून कॅटलोनियासारखाच आकडा निघणार होता. तो आकडा दाखवून ना मुंबई हलली ना दिल्ली. मोर्चाला मोर्चा म्हणावे आणि कौलाला कौल, त्यात मोर्चाचाही मान राहतो.

खरा कौल घ्यायचा असेल तर तो कसा असतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे आणि ते मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. त्यासाठी संसदेने आधी कायदा केला. दयानंद बांदोडकर यांचे विलीनीकरणवादी सरकार मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून आधीच पायउतार झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. ८० टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण हरले. महाराष्ट्रात अनेकांना ते लागले, तरी निकाल कोणी नाकारला नाही. काही आठवड्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच गोमंतकीयांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, विदर्भवाद्यांनी आकड्यांचा हट्ट धरण्याआधी दोन अवघड प्रश्नांवर उघड चर्चा करावी. पहिला असा की कौल अकरा जिल्ह्यांचा घ्यायचा की साऱ्या महाराष्ट्राचा. कॅटलोनियात वाद इथेच अडला, कारण माद्रिदच्या मते देशाच्या अखंडतेवर बोलण्याचा अधिकार सगळ्या स्पेनचा होता. आमचे मत विचाराल तर राहणाऱ्यांचा आवाज पहिला असला पाहिजे. दुसरा प्रश्न घरातला आहे. वऱ्हाडातील पुष्कळांना मुंबईऐवजी नागपूरचे वर्चस्व येईल अशी शंका आहे आणि गडचिरोलीतील आदिवासींना दोन्ही राजधान्या सारख्याच लांब वाटतात. त्यांना आधी विश्वासात घेतले नाही, तर अचलपूरचा माणूस आज मुंबईविरुद्ध जी तक्रार करतो तीच उद्या नागपूरविरुद्ध करील.

आमच्या बचत गटाने गावातील देशी दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितले. आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने, मत दिले, तरी ठराव पडला, कारण निम्म्या बायका आल्याच नाहीत. आपला लेख वाचून वाटले की कॅटलोनियाचे आणि आमचे दुःख सारखेच. न आलेल्यांना विरोधात धरणे हा न्याय आहे काय? (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

ताई, आपले साम्य बरोबर आहे, पण एक भेद लक्षात घ्यावा. आपल्याकडील नियम आधीपासून ठरलेला आणि सर्वांना माहीत आहे. पंचवीस टक्के मतदारांच्या सह्यांनी अर्ज करायचा, गुप्त मतदान घ्यायचे आणि झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर नोंदणीकृत महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद. हा नियम कडक आहे हे मान्य, पण त्यामुळे जिंकलेल्या गावाच्या निकालावर मूठभर बायकांनी ठरवले असे बोट कोणाला ठेवता येत नाही. कॅटलोनियाच्या कायद्यात किमान मतदानाची अटच नव्हती, आणि विरोधकांनी नेमके तिथेच बोट ठेवले. तरीही आपल्या गावात न आलेल्या बायकांपैकी किती जणी नवऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या भीतीने आल्या नाहीत, हे आपल्यालाच ठाऊक असणार, आणि त्या सगळ्यांना विरोधक मानणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

पुन्हा प्रयत्न करणार असाल तर एक काम अर्जाआधी करा. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची आणि मृत बायकांची नावे मतदारयादीत तशीच राहून जातात, आणि अशा प्रत्येक नावामागे आपल्याला लागणारी मते वाढतात. यादीची प्रत मिळवून गटाच्या बैठकीत ती घरोघरच्या नावांशी ताडून पाहा, आणि जी नावे वगळायला हवीत त्यांच्यासाठी नमुना ७ भरून गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, द्या. यादी दुरुस्त होऊन आल्यावरच सह्या गोळा करायला निघा.